पायातली शीर आणि तिच्यावरची गाठ



खत, बियाणे, फवारणी याविषयी लिहिणाऱ्या माणसाने आज पायातल्या गाठीवर का लिहावे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो योग्यच आहे. मी डॉक्टर नाही. पण गावोगाव फिरताना बांधावर बसले की मोसंबीच्या डिंक्याबरोबर गुडघ्याच्या दुखण्याचीही गोष्ट निघते. माणूस विश्वासाने विचारतो आणि आपण काहीतरी सांगून मोकळे होतो. अशाच एका वेळी माझ्याकडून चुकीचा सल्ला गेला. त्याची रुखरुख आहे, म्हणून हा लेख.

२०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पाचोडच्या परिसरातले एक मोसंबीवाले शेतकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास. नाव लिहीत नाही. फळतोडीच्या वेळी शिडीची पायरी गुडघ्याच्या मागे लागली आणि ते मटकन खाली बसले. म्हणाले, “सायेब, पायात करंट बसतोय. गुडघ्यामागून निघतो न् थेट तळव्यात जातो.” मी आपला शहाणपणाने बोलून गेलो, “भाऊ, हे कमरेचे दुखणे. मणक्यातली शीर दबली असेल. पट्टा बांधा, ओझे उचलू नका.”

त्यांनी पट्टा बांधला. गोळ्या खाल्ल्या. तेलाने पाय चोळून घेतला. दीड वर्ष गेले. कमरेत काही नव्हतेच, तर पट्टा तरी काय करणार?

खरे कारण सापडले ते त्यांच्या घरधनिणीला. रोज रात्री तेल लावताना वहिनींच्या लक्षात आले की पायभर अंगठा फिरवला तरी हे गप्प असतात, पण गुडघ्याच्या लवणीत एका ठिकाणी बोट टेकले की ओरडतात. तिथे त्यांना बोराएवढी गाठ लागली. त्या म्हणाल्या, “ही गाठ आडवी हलती, पण वर-खाली हलत नाही.” कोणत्याही पुस्तकाशिवाय त्या माऊलीने अर्धे निदान केले होते.

‘शीर’ म्हणजे नेमके काय?

आपल्या बोलण्यात ‘शीर’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लागतो. रक्त वाहून नेते तीही शीर, स्नायूला हाडाशी बांधते ती दोरीही शीर, आणि मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणारा मज्जातंतू म्हणजेही शीरच. आपला विषय या तिसऱ्या शिरेचा आहे.

मज्जातंतूची रचना समजायला विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यासमोर आणा. बाहेर एक जाड आवरण, आत वेगवेगळ्या तारा आणि प्रत्येक तारेला स्वतःचे वेष्टण. मज्जातंतूतही हजारो बारीक धागे असतात. काही धागे वरून हुकूम आणतात की पाऊल उचल. काही खालून खबर नेतात की काटा टोचला. या धाग्यांभोवती वेष्टण तयार करणाऱ्या पेशींचे वर्णन थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० च्या दशकाच्या अखेरीस केले. म्हणून त्यांना श्वान पेशी म्हणतात. या वेष्टणाच्या पेशी कधीकधी गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि त्यांची गाठ होते. हीच मज्जातंतूच्या आवरणाची गाठ.

ही गाठ कोणाच्या दृष्टीने होत नाही, वातूळ खाण्याने होत नाही आणि संसर्गाने पसरत नाही. बहुतेकांना ती का झाली याचे वेगळे कारण सापडत नाही. गुराढोरांतही अशा गाठी आढळतात.

गाठीचे तीन प्रकार

पहिला प्रकार श्वानोमा. ही साधी गाठ असते, म्हणजे कर्करोगाची नव्हे. बहुधा वीस ते पन्नास या वयात दिसते आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढते. तिला स्वतःचे पातळ कवच असते. कडब्याच्या पेंढीत एखादा गोटा अडकावा, तशी ती धाग्यांना बाजूला सारून बसते. धागे मोडत नाहीत, फक्त दबतात आणि गाठीभोवती ताणले जातात. म्हणून ती बहुधा धाग्यांना न दुखवता काढता येते.

दुसरा प्रकार न्यूरोफायब्रोमा. हीसुद्धा बहुतेक वेळा साधीच असते. पण ती धाग्यांच्या मधून वाढते. कपाशीच्या ओळीत हरळी शिरावी आणि दोघांच्या मुळ्या एकमेकींत गुंतून जाव्यात, तसे समजा. हरळी उपटताना कपाशीला धक्का बसतो. ही गाठ काढताना तोच प्रश्न येतो.

तिसरा प्रकार कर्करोगाचा. तो क्वचित होतो, पण घातक असतो. तो लवकर ओळखला तर जीव आणि पाय दोन्ही वाचवण्याची संधी मिळते. म्हणूनच ‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ हा विचार प्रत्येक गाठीला लावू नये.

एक आजार इथे सांगायलाच हवा. काहींच्या अंगावर जन्मापासून किंवा लहानपणापासून दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग असतात. असे डाग सहा किंवा जास्त असतील, मोठ्या माणसात प्रत्येकी दीड सेंटिमीटरहून आणि लहान मुलात अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे असतील, काखेत बारीक ठिपके असतील आणि अंगावर मऊ गाठी येत असतील, तर तो न्यूरोफायब्रोमाटोसिस नावाचा आनुवंशिक विकार असू शकतो. जर्मन डॉक्टर फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला तो असतो. निम्म्या रुग्णांत तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि निम्म्यांत घराण्यात कोणाला नसतानाही होतो. अशा माणसांत गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्यांनी गाठीवर कायम लक्ष ठेवावे. मात्र या विकाराला ‘कोड’ किंवा ‘बाधा’ समजून मुलीचे लग्न अडवणे, तिला लपवून ठेवणे हे अज्ञान आहे. तो स्पर्शाने लागत नाही.

घरच्या घरी काय पाहावे?

उजेडात बसा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. गाठ कुठे आहे? मांडीच्या मागे, गुडघ्याच्या लवणीत, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या डोक्याखाली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मोठे मज्जातंतू जातात. या जागच्या गाठीकडे विशेष लक्ष द्या.

२. गाठ हलक्या बोटाने आडवी हलवून पाहा आणि मग पायाच्या लांबीच्या दिशेने हलवून पाहा. मज्जातंतूवरची गाठ आडवी सरकते, पण वर-खाली सरकत नाही. दोरीला बांधलेली गाठ जशी वागते तशीच. चरबीची साधी गाठ बहुधा सगळीकडे सरकते.

३. गाठीवर बोटाने हलकेच टिचकी मारली तर तळव्यात किंवा पावलावर करंट जातो का? या खुणेला टिनेल या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी ती १९१५ साली नोंदवली. एकदाच पाहा. पुन्हापुन्हा टिचक्या मारून शिरेला त्रास देऊ नका.

४. घरातला कापूस घ्या, त्याची वात करा आणि डोळे मिटायला सांगून दोन्ही पावलांवर फिरवा. दोन्हीकडे सारखे कळते का?

५. चार पावले टाचेवर आणि चार पावले चवड्यावर चालायला सांगा. एका पायाला जमत नसेल तर स्नायूंची ताकद कमी झाली आहे.

यात काहीही वेगळे दिसले तर पुढचे काम डॉक्टरांचे. ही तपासणी डॉक्टरकडे जायचे की नाही हे ठरवण्यासाठी आहे, घरी निदान करून मोकळे होण्यासाठी नाही.

सारखी दिसणारी दुखणी

मणक्यातली चकती सरकून मांडीमागची मोठी शीर दबते, तेव्हा कळ बहुधा कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघते आणि खोकताना, शिंकताना वाढते. गाठीची कळ गाठीच्या जागेवरून खाली जाते. मी इथेच चुकलो. मी शिरेचे दुखणे ओळखले, पण ते कुठून निघते हे विचारले नाही.

मधुमेहात बहुधा दोन्ही पावले सारखी बधिर होतात. तासन्‌तास उकिडवे बसून खुरपणी केल्यावरही पाऊल जड होते किंवा चवडा उचलत नाही. तिथे गाठ नसते. बसायची पद्धत बदलल्यावर ते बहुधा हळूहळू सुधारते, पण चवडा खरोखर लोंबत असेल तर दाखवलेच पाहिजे.

आपल्या मराठी मुलखात आणखी एका रोगाचा विचार आधी करावा लागतो. तो म्हणजे कुष्ठरोग. त्यातही गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची शीर दोरीसारखी जाड होते, कधी तिच्यात गळूही होते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाज न बाळगता सरकारी दवाखान्यात जा. या रोगावर बहुविध औषधांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार १९८० च्या दशकापासून चालू आहे. तो मोफत मिळतो आणि रोग बरा होतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभे केले, त्या काळी या रोगाला इतके खात्रीचे औषध नव्हते. आज आहे. अशा माणसाची शीर गाठ समजून कापली गेली, तर औषधाने बरे होणारे दुखणे कायमचे पंगुत्व देऊन जाईल.

तपासण्या कोणत्या?

डॉक्टर आधी हाताने तपासतात. मग बहुधा सोनोग्राफी होते. ती तुलनेने स्वस्त असते. गाठ घट्ट आहे की पाण्याची, आणि ती शिरेला जोडलेली आहे का, हे तिच्यात दिसू शकते. साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसते, शीर दिसत नाही. म्हणून ‘फोटो काढला, काही निघाले नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका.

सर्वांत उपयोगाची तपासणी एमआरआय. ती चुंबकाच्या जोरावर चालते आणि तिच्यात एक्स-रेचे किरण नसतात. अरुंद नळीत स्थिर पडून राहावे लागते, आवाज मोठा येतो, पण दुखत नाही. अंगात पेसमेकर, सळई किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असेल तर आधी सांगा. वेल्डिंग करणाऱ्यांनी हे विसरू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण कधी शिरेतून औषध देऊन चित्र काढतात. शिरेतून निरोप किती वेगाने जातो हे पाहण्याची विजेची तपासणीही काहींना करावी लागते.

सुई घालून गाठीचा तुकडा काढण्याविषयी मात्र सावध राहा. सुई मज्जातंतूच्या धाग्यातून गेली तर असह्य कळ येते आणि इजा होऊ शकते. चित्रात गाठ स्पष्ट साधी दिसत असेल तर तुकडा न घेताच शस्त्रक्रिया ठरवता येते. कर्करोगाची शंका असेल तर तुकडा घ्यावाच लागतो, पण पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार त्याच मोठ्या केंद्रात तो घेतलेला बरा.

शस्त्रक्रिया कशी होते?

आधी हे ध्यानात घ्या की प्रत्येक गाठ काढावीच लागते असे नाही. लहान, न दुखणारी, न वाढणारी गाठ डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवता येते. सहा महिन्यांनी, वर्षाने माप घेतात. दुखणे, बधिरपणा, अशक्तपणा किंवा वाढ असेल तर काढतात.

भूल पूर्ण देतात किंवा कमरेखालची देतात. कातडीवर छेद घेतल्यावर शल्यविशारद लगेच गाठीला हात लावत नाहीत. आधी गाठीच्या वरची आणि खालची निरोगी शीर शोधून मोकळी करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली किंवा मोठे दाखवणाऱ्या चष्म्यातून गाठीचा पृष्ठभाग पाहतात. विजेचा अगदी सौम्य झटका देऊन कोणत्या धाग्याने पाऊल हलते ते तपासतात. जिथे कामाचा धागा नाही अशी जागा सापडली की तिथे शिरेच्या लांबीच्या दिशेने आवरण उघडतात आणि शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ अलगद सोडवतात. गाठ ज्या एखाद्या बारीक धाग्यातून निघाली असेल तो बहुधा आधीच निकामी झालेला असतो. तेवढा कापावा लागतो, बाकीचे धागे राखले जातात.

न्यूरोफायब्रोमात गुंता जास्त असतो. कधी थोडा भाग मागे ठेवणे शहाणपणाचे ठरते. कर्करोग असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे भोवतालचा निरोगी भागही काढावा लागतो आणि अनेकदा किरणोपचार द्यावे लागतात. पूर्वी अशा वेळी पाय कापण्याची पाळी वारंवार येई. आता पुष्कळदा पाय राखून शस्त्रक्रिया करता येते, पण माणूस वेळेवर पोचला तरच.

काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासायला गेलीच पाहिजे. तो अहवाल मागून घ्या आणि सातबाऱ्यासारखा जपून ठेवा.

नंतरचे दिवस

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. काही दिवस किंवा काही महिने पाऊल बधिर राहू शकते, मुंग्या येतात. दबलेली शीर सावरायला वेळ लागतो. धागा तुटून नव्याने वाढायचा असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर वाढतो. गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे धीर किती धरायचा ते कळेल. क्वचित बधिरपणा किंवा अशक्तपणा कायमचा राहतो. हा धोका शस्त्रक्रियेआधी मोकळेपणाने विचारा.

तळवा बधिर असेपर्यंत अनवाणी शेतात जाऊ नका. काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळवे पाहा. गरम पाण्यात पाय घालण्याआधी हाताने पाणी पाहा. चवडा लोंबत असेल तर आधाराची पट्टी वापरा आणि सांगितलेले व्यायाम नेमाने करा. श्वानोमा नीट काढली तर ती पुन्हा होणे विरळाच.

उशीर कधीच करू नये

गाठ काही आठवड्यांत भराभर वाढत असेल, पाच सेंटिमीटरहून म्हणजे मोठ्या लिंबाहून मोठी असेल, विसाव्यातही दुखून रात्री झोपू देत नसेल, पायाची ताकद नव्याने कमी होत असेल, किंवा चहाच्या रंगाचे डाग असलेल्या माणसाची जुनी गाठ अचानक बदलली असेल, तर कापसाची वेचणी, तोडणी, लग्नसराई काहीही आड येऊ देऊ नका. साध्या गाठीची शस्त्रक्रिया डॉक्टरांना विचारून सुगीनंतर ठेवता येते. या खुणा असलेली गाठ ठेवता येत नाही.

आणि गाठ चोळू नका, डागू नका, गावातल्या कोणाकडूनही चिरून घेऊ नका. आमच्या मोसंबीवाल्यांना एकाने सांगितले होते, “दोन मिनिटांत काढून देतो, टाकाही पडणार नाही.” वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मोसंबीच्या झाडाला कलम करायला माहीतगार माणूस शोधता, न् पायाला कोणीही चालतो व्हय?” त्या दिवशी त्या अडल्या नसत्या तर ती शीरच कापली गेली असती.

जायचे कुठे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करा. तिथून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. आपल्या भागाला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली ‘घाटी’, आहे. कर्करोगाची शंका असेल तर तिथल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात विचारता येते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी त्यालाच विचारा.

डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा. गाठ कोणत्या शिरेवर आहे? न काढल्यास काय होईल? काढल्यास पायाचे कोणते काम जाण्याचा धोका आहे? आणि अशा शिरेच्या शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? प्रश्न विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही.

आमच्या त्या शेतकऱ्यांची शस्त्रक्रिया फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झाली. अहवाल साधी श्वानोमा असा आला. चार महिने तळवा बधिर होता. त्या काळात वहिनींनी त्यांना चपलेशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. आता ते शिडीवर चढतात. मी भेटलो तेव्हा माफी मागितली. ते हसून म्हणाले, “सायेब, तुमचं खत बरोबर असतंय. पायाचं तेवढं डॉक्टरला इचारू.”

तेव्हापासून मी दुखण्याविषयी कोणी विचारले की औषध सांगत नाही. फक्त दोनच गोष्टी विचारतो. कळ कुठून निघते, आणि दवाखान्यात कधी जाता? तुम्हीही आपल्या माणसाला याच दोन गोष्टी विचारा. आणि तेल लावताना बोटाला काही लागले, तर ते मनात ठेवू नका.